अरबी भाषेंत भूतकाळाचा नकार

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यांत जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें आपलें नांव व २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेविली. प्राचीन चित्रांवर नांव कोरण्याचा हा उद्योग आम्हांस मुळींच रुचत नाहीं. पण व्याकरणास त्यानें एक सोयीचें उदाहरण मात्र दिलें. "त्यानें लिहिलें" हें अरबी भाषेंत एकाच शब्दानें सांगतां येतें: "कतब". (शेवटचा अकार उच्चारावा.) ज्या धातूपासून किताब व कातिब हे शब्द झाले, तोच हा धातु.

आतां ज्यांनीं त्या भिंती रंगविल्या त्यांच्याकडे वळूं. तेथील शिलालेखांत दात्यांचीं नांवें सांपडतात. चितारी मात्र आपणांस निनांवीच राहिले. त्यांनीं नांवें लिहिलीं नाहींत, हें अरबींत कसें सांगावें?

आपण मराठींत भूतकाळाच्या रूपापुढें "नाहीं" ठेवितों. अरबींतही "मा कतब" असें म्हणतां येतें, व तें शुद्धच आहे. परंतु आजच्या लेखी अरबींत अधिक आढळतें तें "लम् यक्तुब्". येथें नवशिका अडखळतो. कारण "यक्तुबु" म्हणजे "तो लिहितो". हें रूप भूतकाळाचें नव्हे. "लम्" पुढें येतांच त्याचा अर्थ भूतकाळीं जातो व अंतींचा उकार लोपतो. अनेकवचनीं "यक्तुबून" ह्यांतला शेवटचा "न" गळतो: "लम् यक्तुबू अस्माअहुम्", त्यांनीं आपलीं नांवें लिहिलीं नाहींत. "लम्" शिकल्यावर कित्येक विद्यार्थी "लम् कतब" असें लिहितात. तें सर्वथा अशुद्ध होय.

हा प्रकार मराठी कानास अगदींच परका नाहीं. "दार उघडेना" म्हणतांना आपण "उघडलें" हें रूप वापरीत नाहीं, तरी गोष्ट घडून गेलेलीच सांगतों. साम्य मात्र येथपर्यंतच. "उघडेना" ह्यांत दाराचा जो हट्ट आहे, तो "लम्" मध्यें नाहीं.

"लम्" ला एक धाकटें भावंड आहे, "लम्मा". क्रियापदाचें रूप तेंच राहतें, पण अर्थ होतो "अजून नाहीं", आणि पुढें घडण्याची आशा त्यांत बहुधा असते. परगांवीं शिकावयास गेलेल्या मुलाचें पत्र आलें नाहीं, तर शेजारी "लम् यक्तुब्" म्हणतील; आई "लम्मा यक्तुब्" म्हणेल. दोन्ही वाक्यें खरीं आहेत, परंतु भाषांतर करणाऱ्यानें एकाच्या जागीं दुसरें घातलें, तर त्या माउलीची सारी वाट पाहणें पुसलें जाईल. म्हणून "लम्मा" चें मराठी करतांना "अजून" हा शब्द गाळूं नये.

भविष्यकाळाचा नकार "लन्" नें होतो. त्याच्यापुढें अंतीं अकार येतो: "लन् यक्तुब", तो लिहिणार नाहीं. त्याचा विचार येथें करीत नाहीं.

आपल्या कचेऱ्यांतून नित्य ऐकूं येणारा "दाखल" हा शब्दही अरबीच. "दखल" म्हणजे "तो आंत आला", व "यद्खुलु" म्हणजे "तो आंत येतो". ह्या दोन रूपांवरून "मा", "लम्" व "लम्मा" ह्यांचीं वाक्यें वाचकांनीं स्वतः करून पाहावींत.