मैत्रिणीच्या घरी दोन आई

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या मैत्रिणीला दोन आई आहेत. ‘तिचे बाबा कुठे आहेत?’ असं मुलगी सारखं विचारते. या विषयावरची पुस्तकं, कार्टून तिला आत्ताच दाखवावीत का?

उत्तर : जरूर दाखवा. तिचा प्रश्न घराबद्दल आहे, लैंगिकतेबद्दल नाही. ‘काही घरांत आई-बाबा असतात, काहींत दोन आई, काहींत एकटी आजी,’ एवढं उत्तर तिला पुरतं.

‘अँड टँगो मेक्स थ्री’ (2005) वाचून दाखवा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातल्या रॉय आणि सायलो या दोन नर पेंग्विनांची ही खरी गोष्ट. ते अंडं समजून दगड उबवत बसत. रक्षकाने त्यांना खरं अंडं दिलं आणि टँगो जन्मली. एवढ्या साध्या पुस्तकालाही अमेरिकेतल्या वाचनालयांत वर्षानुवर्षं विरोध झाला.

‘आर्थर’ या कार्टून मालिकेच्या 2019 मधल्या एका भागात शिक्षक रॅटबर्न पॅट्रिकशी लग्न करतात. अलाबामाच्या सार्वजनिक वाहिनीने तो भाग दाखवला नाही. गोष्टीतल्या मुलांना मात्र त्या लग्नाचं काहीच वाटत नाही. सर चक्क नाचतात, याचंच त्यांना नवल!

सोबत बसून पाहा, ती विचारेल तेवढंच सांगा. शिवाय मैत्रिणीलाही आपल्यासारखं घर पुस्तकात दिसायला हवंच. तो तिचा हक्क आहे.