हळदीचा कागद : जे दिसलं तेच लिहा



पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडतो. आपण त्यावर साबण घासतो आणि डाग निघण्याऐवजी लाल होतो. भरपूर पाण्याने धुतलं की पुन्हा पिवळा. हे प्रत्येक घरात घडतं. आम्ल आणि आम्लारी शिकवायला याहून सोपी सुरुवात मला तरी सापडलेली नाही.

साहित्य : एक चमचा हळद, तीन-चार चमचे पाणी, जाड पांढरा कागद, पाच वाट्या, कापूस गुंडाळलेल्या काड्या. वाट्यांमध्ये साधं पाणी, मिठाचं पाणी, लिंबाचा रस, खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि कपड्याच्या साबणवडीचं पाणी.

कृती : हळद पाण्यात कालवून कागदाला लेप द्या. वाळला की पट्ट्या कापा. आता थांबा! प्रत्येक मुलाला आधी अंदाज लिहू द्या : कोणत्या वाटीने रंग बदलेल? मगच प्रत्येक वाटीतला एकेक थेंब वेगळ्या पट्टीवर लावायचा. वाटी बदलली की काडीही बदलायची.

इथे माझी एक चूक सांगते. पहिल्यांदा चौथीच्या वर्गात हा प्रयोग घेतला तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, "साबण आणि सोडा लावला की लाल होणार." प्रयोग झाला. वह्या तपासताना सगळ्यांनी सोड्यापुढे 'लाल' लिहिलेलं. एका मुलाची पट्टी वहीत चिकटवलेली होती, ती मात्र फिकट नारिंगी! त्याला विचारलं तर म्हणाला, "बाई, तुम्ही लाल म्हणालात ना."

मुलाचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं. खाण्याचा सोडा सौम्य आम्लारी आहे, त्यामुळे रंग थोडासाच बदलतो. साबणाचं पाणी त्याहून तीव्र, म्हणून तिथे ठळक तांबडा रंग येतो. त्या मुलाच्या डोळ्यांनी खरं पाहिलं होतं, पण माझ्या शब्दापुढे त्याने ते खोटं ठरवलं. तेव्हापासून मी उत्तर आधी सांगत नाही.

असं का होतं? हळदीत कुरकुमिन नावाचं रंगद्रव्य असतं. आम्लारीत त्याचा रंग पिवळ्याचा तांबडा होतो. रंग बदलून ओळख पटवणाऱ्या अशा पदार्थाला आपण 'दर्शक' म्हणतो. पारंपरिक कुंकू हळदीपासून तयार होतं, त्यामागेही हाच गुण आहे.

एखादं चौकस मूल नक्की विचारेल, "लिंबू आणि साधं पाणी दोन्हीने पिवळंच राहिलं, मग दोन्ही सारखेच का?" या प्रश्नाला शाबासकी द्या. हळद फक्त आम्लारी ओळखते. आम्ल आणि उदासीन पदार्थ तिला वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून अर्क काढा. तो लिंबाने गडद गुलाबी आणि साबणाने हिरवट होतो. शेवटी हळदीच्या लाल डागावर लिंबाचा थेंब टाकायला सांगा. डाग पुन्हा पिवळा झाला की वर्गात जो गलका होतो, तो ऐकण्यासारखा असतो.

काळजी : गरम पाणी मोठ्यांनीच हाताळावं. खायचा चुना मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते. आणि एक नियम पक्का : प्रयोगाचं सामान मिसळणाच्या डब्यातलं किंवा ओट्यावरचं. बाथरूममधले क्लीनर आणि ब्लीच कधीच नाही. ते एकमेकांत मिसळले तर विषारी वायू तयार होऊ शकतो.

पालकांनो, रविवारी घरी करून बघा. पट्टी वहीत चिकटवा आणि शेजारी मुलाला जे दिसलं तेच लिहू द्या. तुमच्या अंदाजापेक्षा वेगळं आलं, तर खोडायला सांगू नका. "असं का झालं असेल?" एवढंच विचारा.