गरोदरपणातील मधुमेह : तपासणी, आहार आणि गावाची जबाबदारी

गरोदर स्त्रीचा रक्तक्षय, तिचे वजन आणि धनुर्वाताची लस यांविषयी आपल्या खेड्यांत आता पुरेशी जाणीव निर्माण झाली आहे. मधुमेहाविषयी मात्र ती अजून कमी आहे. हा रोग शहरातील सुखवस्तू व स्थूल माणसांचा, असा समज अनेकांच्या मनात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत मातांचा व बालकांचा अभ्यास केला. आपली नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने हलकी असली, तरी त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने जास्त असते, असे त्यात आढळले. तेव्हा केवळ बारीक अंगकाठी पाहून स्त्रीला मधुमेहाचा धोका नाही असे मानणे चुकीचे आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतमजूर स्त्रियांनाही हे लागू पडते.

रोगाचे स्वरूप

गरोदरपणात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. बहुतेक स्त्रियांचे शरीर अधिक इन्सुलिन तयार करून ही उणीव भरून काढते. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या रक्तातील साखर वाढते. ही साखर वारेतून गर्भाकडे जाते, पण आईचे इन्सुलिन जात नाही. त्यामुळे गर्भ स्वतःचे इन्सुलिन जादा तयार करतो व प्रमाणाबाहेर वाढतो. परिणामी प्रसूती अडण्याचा संभव वाढतो. जन्मानंतर आईकडून येणारी साखर एकदम थांबते, परंतु बाळाचे इन्सुलिन जास्तच राहते. म्हणून पहिल्या काही तासांत बाळाची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. मातेस रक्तदाब वाढण्याचाही धोका असतो.

हे धोके टाळता येतात. ऑस्ट्रेलियातील सुमारे एक हजार स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार मिळालेल्या गटात बाळाच्या गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण १ टक्का, तर नेहमीचीच देखभाल मिळालेल्या गटात ४ टक्के आढळले.

तपासणी

केंद्र शासनाने २०१४ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या व २०१८ मध्ये त्या सुधारल्या. त्यांनुसार प्रत्येक गरोदर स्त्रीची दोनदा तपासणी व्हावयास हवी : पहिली नावनोंदणीच्या वेळी आणि दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. स्त्री उपाशी असण्याची गरज नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ते पाच ते दहा मिनिटांत प्यावयास देतात व दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक भरल्यास गरोदरपणातील मधुमेह आहे असे समजतात. ग्लुकोज घेतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाल्यास दुसऱ्या दिवशी तपासणी पुन्हा करावी.

उपाशी राहण्याची अट नसल्यामुळे दुरून चालत येणाऱ्या स्त्रीला ही पद्धत विशेष सोयीची आहे. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांतील पाड्यांवरून आलेल्या स्त्रीला दुसरी खेप पडत नाही. मात्र तिने दोन तास केंद्रातच थांबणे आवश्यक असते. त्यासाठी बसण्याची जागा, सावली व पिण्याचे पाणी यांची सोय गावाने करावी.

खानदेशी आहार

मधुमेह आढळताच प्रथम दोन आठवडे आहार व व्यायाम यांवर भर देतात. घरच्या माणसांकडून येथे दोन प्रकारच्या चुका होतात. काही घरांत ‘दोन जिवांची’ म्हणून गोडधोडाचा आग्रह होतो. काही घरांत साखरेच्या धास्तीने तिचे जेवणच तोडले जाते. दोन्ही अहितकारक आहेत. गरोदर स्त्रीने उपाशी राहू नये. तीन वेळा बेताचे जेवण व मधल्या वेळी दोन-तीनदा थोडे खाणे, अशी विभागणी करावी.

यासाठी परका आहार शोधण्याची गरज नाही. ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, उडदाचे वरण, वांग्याचे भरीत, पालेभाजी, मोड आलेली मटकी व ताक हे पदार्थ उपयुक्त आहेत. डाळी व भाज्यांमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. तथापि भाकरीतही पिष्ट असल्याने तिचेही माप हवे. बट्टी, भात व साबुदाणा बेतानेच घ्यावा. केळी ही जळगावची ओळख. परंतु पिकलेले केळे जेवणावर न खाता मधल्या वेळी लहानसे किंवा अर्धे खावे. गूळ हा साखरेला पर्याय नव्हे. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीसमोर आमरस व पुरणपोळी येणारच. तेथे आईने आग्रह आवरणे हीच खरी माया ठरेल. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मनाई केली नसेल, तर रोज अर्धा तास चालावे.

औषधोपचार

दोन आठवड्यांनंतर जेवणानंतर दोन तासांची साखर १२० पेक्षा कमी असल्यास आहारच चालू ठेवतात. ती १२० किंवा अधिक असल्यास वैद्यकीय अधिकारी मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन सुरू करतात. इन्सुलिनने बाळास अपाय होत नाही. खानदेशातील कडक उन्हाळ्यात ते जपणे महत्त्वाचे आहे. शीतपेटी नसल्यास कुपी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधून थंड पाण्याच्या मडक्यात ठेवावी. थरथर, घाम किंवा चक्कर ही साखर उतरल्याची लक्षणे होत. अशा वेळी तीन चमचे ग्लुकोज पेलाभर पाण्यातून तत्काळ द्यावे, नंतर काही खाण्यास द्यावे आणि आरोग्य केंद्रास कळवावे.

प्रसूती व नंतर

अशा स्त्रीची प्रसूती सुसज्ज रुग्णालयातच व्हावी. बाळास पहिल्या तासातच स्तनपान द्यावे व त्याची साखर तपासून घ्यावी. सहा आठवड्यांनी मातेची पुन्हा तपासणी आवश्यक आहे. कारण प्रसूतीनंतर साखर बहुधा पूर्ववत होत असली, तरी पुढील आयुष्यात कायमचा मधुमेह होण्याचा धोका राहतो.

गावाचे काम

पहिल्या बाळंतपणासाठी लेक माहेरी जाते, तर काही कुटुंबे ऊसतोडीसाठी किंवा गुजरातेत मजुरीसाठी स्थलांतर करतात. नेमकी दुसरी तपासणी व सहा आठवड्यांची तपासणी अशा वेळी चुकते. म्हणून माता व बाल संरक्षण कार्डावर साखरेची नोंद असावी आणि ते कार्ड स्त्रीबरोबर जावे. निघण्यापूर्वी आशा कार्यकर्तीने दुसऱ्या गावच्या आशेस निरोप द्यावा. दर महिन्याच्या ९ तारखेच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीस येण्या-जाण्याची सोय पंचायत सदस्यांनी पाहावी. शिक्षकांनी पालकसभेत सासू व पती यांना हा विषय समजावून सांगावा. कारण घरातील ताट बहुधा त्यांच्याच संमतीने वाढले जाते. गावातील प्रत्येक गरोदर स्त्रीच्या दोन्ही तपासण्या झाल्या काय, एवढा एक प्रश्न ग्राम आरोग्य समितीने दरमहा विचारला, तरी अनेक माता व बालके संकटातून वाचतील.