कार्ड तापले तर आधी मोजा, मग खर्च करा

कार्ड हा शब्द आपल्या कापडधंद्याला नवा नाही. फ्रान्समधील लिऑन शहराच्या जोसेफ मारी जेकार्ड याने १८०४ साली भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालणारा माग पुढे आणला, आणि कोणता धागा उचलायचा हे कार्ड ठरवू लागले. आज तीच नक्षी संगणकावर निघते आणि त्या संगणकात दुसरेच एक कार्ड असते, ते म्हणजे ग्राफिक्स कार्ड. गेम खेळण्यासाठी म्हणून मुलांनी घेतलेला संगणक दिवसा साडीची व दुपट्ट्याची डिझाइने काढतो आणि रात्री गेम चालवतो, असे आमच्या कल्याणात व खाडीपलीकडे भिवंडीत अनेक घरांतून दिसते. म्हणून या कार्डाची तब्येत हा केवळ पोरांचा विषय राहिलेला नाही. सकाळी पार्टीला डिझाइन द्यायचे आणि रात्री पडदा काळा झाला, तर नुकसान धंद्याचे होते.

उन्हाळा लागला की तक्रारी सुरू होतात. पंखा घोंघावतो, दहा मिनिटांत गेम अडखळू लागतो, कधी संगणक आपोआप बंद होतो. दुरुस्तीवाला वरवर पाहून सांगतो, "कार्ड गेले, नवे टाका." नवे चांगले कार्ड म्हणजे वीस-पंचवीस हजारांच्या पुढचीच गोष्ट. आमचे सांगणे एवढेच की, कापडाला कात्री लावण्यापूर्वी आपण गज लावतो, तसे येथेही आधी मोजावे.

कार्ड तापते का?

संगणकाचा प्रोसेसर म्हणजे एक कसबी उस्ताद समजा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारो मजुरांचा कारखाना. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० या कार्डात असे ३,५८४ छोटे गणक एकाच वेळी राबतात आणि भर कामात ते कार्ड सुमारे १७० वॅट वीज घेते. ही सारी वीज शेवटी उष्णताच होते. म्हणजे शंभर वॅटचे जुने दीड-पावणेदोन बल्ब एका बंद पेटीत जळत आहेत असे समजावे. ती उष्णता धातूच्या पात्यांतून आणि पंख्यांतून बाहेर गेली पाहिजे. वाट अडली की कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. अनेक एनव्हिडिया कार्डांत ८३ अंशांच्या आसपास हे सुरू होते. तेव्हा गेम अडखळणे हे कार्ड मेल्याचे लक्षण नसून, ते जीव सांभाळत असल्याचे लक्षण असू शकते.

पहिला धडा : मोजमाप

विंडोज १० च्या मे २०२० च्या सुधारणेपासून ग्राफिक्स कार्डाचे तापमान टास्क मॅनेजरमध्येच दिसते. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत, परफॉर्मन्स या भागात जावे आणि जीपीयूवर क्लिक करावे. मग एकच गेम वीस मिनिटे चालवून आकडा वहीत लिहावा. त्याशेजारी खोलीचे तापमानही लिहावे, कारण कार्ड खोलीपेक्षा किती तापते हा खरा हिशेब आहे. खोली २५ अंशांवर असताना जे कार्ड ७५ वर राहते, तेच कल्याणच्या उन्हाळ्यात खोली ३८ वर गेली आणि पंख्याचा वेग तोच राहिला तर ८८ च्या आसपास जाणार. त्यात कार्डाचा दोष नाही, हवेचा आहे.

आकडा ७० च्या आत असताना संगणक एकदम बंद पडत असेल, तर संशय कार्डापेक्षा वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर घ्यावा. संगणक थंड असतानाच पडद्यावर ठिपके व रंगीत पट्टे येत असतील, तर मात्र कार्डातच बिघाड असण्याचा संभव मोठा. काम नसताना पंखा थांबलेला दिसला तर घाबरू नये. हल्लीच्या अनेक कार्डांत पंखा गरम झाल्यावरच फिरतो.

दुसरा धडा : बिनखर्चाचे उपाय

पेटीची बाजूची झाकणपट्टी काढून तीच वीस मिनिटांची चाचणी पुन्हा घ्यावी. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले तर कार्ड चांगले आहे, पेटीत हवा खेळत नाही. अशा वेळी पेटी टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढावी, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, पुढचा पंखा हवा आत घेतो व मागचा बाहेर फेकतो याची खात्री करावी.

त्यानंतर धूळ. यंत्रमागाच्या वस्तीत आणि कापडाच्या दुकानात हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगतात. पंख्याने ओढलेले हे तंतू पात्यांवर साचून नमद्यासारखा थर बनतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो, थर त्याच्या मागे असतो. संगणक बंद करून वायर काढावी, चालू करण्याचे बटण एकदा दाबून उरलेली वीज सोडावी, पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे आणि मऊ ब्रश व हवेच्या ब्लोअरने थर काढावा. पाते न धरता हवा मारली तर पंखा बेफाम फिरून त्याचे बेअरिंग जाते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर कार्डाला लावू नये. त्याने स्थिर वीज तयार होऊन सूक्ष्म भाग बिघडू शकतात.

तिसरा उपाय सेटिंगचा. पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा असेल, तर कार्डाला २०० चित्रे काढायला लावणे म्हणजे गिऱ्हाईक नसताना माग चालवणे होय. गेममध्ये ६० ची मर्यादा घालावी. एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत प्रोग्रॅमने कार्डाची विजेची मर्यादा ८० टक्के केली, तर उष्णता बरीच घटते आणि वेग त्या मानाने थोडाच उतरतो.

तिसरा धडा : थोड्या खर्चाचे उपाय

एवढे करूनही आकडा हलला नाही, तर चिप आणि धातू यांच्यामधील थर्मल पेस्ट सुकली असावी. तीन-चार वर्षे वापरलेल्या कार्डात हे होते. वॉरंटी शिल्लक असेल तर कार्ड घरी उघडू नये, कंपनीकडे पाठवावे. वॉरंटी संपली असेल तर जाणत्या कारागिराकडून पेस्ट बदलून घ्यावी, आणि मेमरीवरील पॅड बदलायचे झाल्यास त्याच जाडीचे बसवायला सांगावे. पॅड जाड झाले तर धातू चिपवर नीट टेकत नाही आणि उष्णता उलट वाढते. पंखा घरघरत असेल तर पंख्यांचा जोड वेगळा मिळतो. त्यासाठी अख्खे कार्ड टाकण्याचे कारण नाही.

जुने कार्ड घेणाऱ्यांनी आणखी एक जपावे. ईथेरियम या आभासी चलनाची कार्डांवरील खोदाई १५ सप्टेंबर २०२२ रोजी थांबली आणि रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डे जुन्या बाजारात आली. म्हणून अर्धा तास चालवून, तापमान डोळ्यांनी पाहूनच पैसे मोजावेत. विकणाऱ्यानेही ताग्यातला डाग दाखवून विकतो तसा कार्डाचा ऐब सांगून विकावे.

शेवटी नियम एकच. एका वेळी एकच बदल करावा, पुन्हा मोजावे आणि वहीत लिहावे. चार बदल एकदम केले तर गुण कशाने आला हे कळत नाही. ही वही नीट ठेवली की दुरुस्तीवाल्यासमोर आपण अडाणी ठरत नाही. शिवाय ज्या मुलाला दिवसभर गेम खेळतो म्हणून आपण रागावतो, त्याच्याकडूनच ही वही भरून घ्यावी. यंत्र तपासण्याचा हा हुन्नर आपल्या वस्त्यांत कामाला येणारा आहे, आणि तो शिकायला त्याच्या समोरचेच यंत्र पुरेसे आहे.