टर्बोचा पाइप आणि हरवलेली पट्टी

‘टर्बो गेला’ म्हणून जुन्या डिझेल गाड्या गॅरेजात येतात, त्यांतल्या कित्येकांचा टर्बो मुळात गेलेलाच नसतो. आधी जातो तो त्याला तेल पोचवणारा पाइप. टर्बो मागाहून जातो, आणि तोही बहुतेक वेळा ‘आता घरापर्यंत तर जाऊ’ म्हणून दामटलेल्या त्या शेवटच्या चाळीस-पन्नास किलोमीटरमध्ये. माझा टर्बो वाचला. पाइप मात्र दोनदा तुटला, आणि दुसऱ्यांदा तुटला तेव्हा कुठे तो का तुटतो ते कळलं.

दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर आली तशी टाच नागपुरात नाही. त्यामुळे 2008-10 सालच्या गाड्या इथे धडधाकट फिरतात. एकच 1.3 लिटरचं इंजिन स्विफ्टमध्ये, इंडिका व्हिस्टात आणि पुंटोत बसायचं, त्या जमान्यातल्या या गाड्या. मारुतीने 2020 साली डिझेल बंद केलं, तरी जुन्यांना सुटे भाग मिळतात. माझी गाडी कुठल्या कंपनीची हे सांगण्यात अर्थ नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता.

टर्बोत एक बारीक दांडा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना पंखे. सायलेन्सरकडे निघालेला जळका वायू एक पंखा फिरवतो, दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. छोट्या डिझेल गाडीत हा दांडा जोरात असताना मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो. त्याला सहसा बॉल बेअरिंग नसतं. तो बुशमध्ये तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. हे तेल इंजिनातून पेन्सिलीएवढ्या बारीक लोखंडी पाइपने दाबाखाली येतं आणि खालच्या जाड नळीतून आपल्या वजनाने इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरतं. परतीच्या वाटेवर पंप नाही, हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

मे महिना होता. अमरावती रोडवर कोंढाळीच्या अलीकडे गाडीत जळक्या तेलाचा वास यायला लागला. बाजूला घेऊन बोनेट उघडलं तर टर्बोवर पाइप जोडणाऱ्या बँजो बोल्टच्या अगदी गळ्याशी पाइपला केसाएवढी भेग. इंजिन चालू असताना त्यातून तेल गळत नव्हतं, अत्तरदाणीतून उडावं तसं उडत होतं, आणि थेट तापलेल्या टर्बोच्या अंगावर पडून धूर होत होता. इंजिन तिथेच बंद केलं. डिपस्टिक काढली, तेल खालच्या खुणेच्याही खाली. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा मात्र लागला नव्हता. ढाब्यावरच्या एका पोराने आपुलकीने सल्ला दिला, “लाइट नाही लागला ना भाऊ? मग काहून टेन्शन घेऊन राहिले? एक लिटर ऑइल टाका अन् निघा.”

हा सल्ला चांगल्या मनाचा होता आणि टर्बोच्या जिवावर उठणारा होता. तो दिवा इंजिनाच्या मुख्य मार्गातला दाब बघतो, टर्बोपर्यंत तेल पोचतं की नाही हे बघत नाही. बारीक भेगेतून तेल उडालं तरी मुख्य दाब टिकून राहतो. दिवा लागतो तो चेंबर जवळजवळ रिकामं झाल्यावर. आणि आगीचा धोका वेगळाच. म्हणून मी टोइंगचे पैसे भरले. त्या दिवशीच्या हिशोबात ते जास्त वाटले, नव्या टर्बोच्या किमतीपुढे काहीच नव्हते.

पुढचा घोळ दुरुस्तीत झाला. गाडी जवळच्या एका गॅरेजात गेली. तिथे पाइप काढून भेगेवर ब्रेझिंगचा टाका मारला, संध्याकाळपर्यंत गाडी तयार. काम दिसायला सुबक होतं. काही आठवड्यांत पाइप त्याच जागी, टाक्याच्या कडेला पुन्हा तुटला. नशिबाने गाडी तेव्हा घराच्या फाटकात होती. ब्रेझिंगला मी सरसकट नावं ठेवणार नाही, ट्रॅक्टरवाल्यांचं निम्मं काम त्यावर चालतं. पण या पाइपला ते चालत नाही. टाका मारलेली जागा ताठ होते, टाक्याच्या शेजारीच चीर जाते, आणि आत राहिलेला फ्लक्सचा एखादा खडा सुटला तर सरळ बुशमध्ये.

दुसऱ्यांदा गाडी वाडीतल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी तुटलेली जागा पाहिलीच नाही. हातबत्ती पाइपच्या मधल्या भागावर फिरवली आणि विचारलं, “याची पट्टी कुठे गेली?” इंजिनावर एक रिकामं आट्याचं छिद्र होतं. पाइप तिथे एका छोट्या पट्टीने बांधलेला असायला हवा. आधीच्या कुठल्या तरी कामात कुणी ती काढली आणि परत लावली नाही. मग पाइप दोन टोकांना घट्ट आणि मधे मोकळा. इंजिनाच्या प्रत्येक थरथरीत त्याचा गळा वाकत राहिला. नवा पाइप घातला असता तरी तोही तुटलाच असता. तेव्हा तुटका पाइप हातात आला की पहिला प्रश्न हाच: पट्टी जागेवर आहे का, इंजिनाचे माउंट बसलेत का?

पाइप नवाच घ्या. ऑर्डर दिली की दोन-चार दिवसांत येतो. खूप जुन्या गाडीचा मिळतच नसेल, तर हायड्रॉलिक होजच्या दुकानात बनवून मिळतो. पण जेसीबीला लावतात तो साधा रबरी होज घेऊ नका. तो साधारण 100 अंशांपर्यंतचा माल, टर्बोशेजारी भाजून निघतो. आतून टेफ्लॉन, बाहेरून स्टीलची जाळी असा मागा, वर उष्णतारोधक बाही चढवा. रबरी नळी आणि दोन क्लिपा हा प्रकार तर बोलायच्याही लायकीचा नाही.

बँजो बोल्ट आतून पोकळ असतो आणि त्याचं छिद्र मोजूनमापून केलेलं असतं, काहींत बारीक जाळीही असते. जाळी काळ्या कोळशाने बुजली असेल तर तेच टर्बो उपाशी राहण्याचं कारण. दुसऱ्या गाडीचा ‘बसतोय’ म्हणून बोल्ट लावू देऊ नका. तांब्याचे दोन्ही वॉशर नवे. आट्यांवर टेफ्लॉन टेप नको, तिचे तुकडे आत जातात. परतीच्या नळीच्या गॅस्केटवर सिलिकॉनचा लेप तर नकोच; तो आत फुगून वाट अडवतो, तेल टर्बोत साचतं आणि सीलमधून बाहेर पडतं. मग पुन्हा ‘टर्बो गेला’ची बोंब.

जोडण्याआधी हवेचा पाइप काढून दांडा बोटांनी हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालतं, आत-बाहेर हलायला नको, आणि पंख्याची पाती बाहेरच्या कवचाला घासल्याच्या खुणा नकोत. टर्बोकडून येणारी हवा गार करणाऱ्या इंटरकूलरमध्ये तेल साचलं असेल तर ते ओतून टाकायला लावा.

हे तेल मामुली समजू नका. ते इंजिनात ओढलं गेलं तर इंजिन त्याच तेलावर पळायला लागतं. चावी काढली तरी थांबत नाही, रेस चढतच जाते. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून वरच्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं. नाही पडलं तर गाडीपासून लांब व्हा.

सगळं बसल्यावर घाईने सेल्फ मारायचा नाही. नवं ऑइल, नवा फिल्टर. काकांनी टर्बोच्या तोंडात तेल भरून पंखा हाताने फिरवला, इंजेक्टरचे कनेक्टर काढले आणि तेलाचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत सेल्फ मारला, त्यानंतर कनेक्टर लावून इंजिन सुरू केलं. पाच-सात मिनिटं नुसतं आयडलवर, रेस अजिबात नाही. मूळ पट्टी कुठेच मिळाली नाही. त्यांनी पत्र्याची कापून, आत उष्णता सोसणारी चकती घालून बसवली. पाइप, वॉशर, बोल्ट, ऑइल आणि मजुरी धरूनही खर्च नव्या टर्बोच्या पासंगाला पुरला नाही.

समृद्धी महामार्गावर जुनी डिझेल गाडी नेणाऱ्यांना एवढंच सांगेन: तासन्‌तास 100-120 ने पळवून थांब्यावर शिरल्या शिरल्या चावी फिरवू नका. टर्बो तापलेला असतो, थांबलेलं तेल आत जळून कोळसा होतं. एखादं मिनिट आयडलवर राहू द्या. आणि कुणाची जुनी गाडी विकत घ्यायला गेलात, तर हातबत्ती घेऊन जा. रंग नंतर बघा, आधी त्या बारीक पाइपच्या मधोमध पट्टी आहे का ते बघा.