ऑफिसचा मोबाईल : किल्ली कोणाच्या हातात?

'आजचे युग हे मोबाईलचे युग आहे' हे वाक्य आता निबंधातसुद्धा कोणी लिहीत नाही, इतके ते जुने झाले. पण त्याचा एक परिणाम आपल्या नीट लक्षात आलेला नाही. ऑफिस टेबलावरून उठून खिशात गेले आहे. एसटी कंडक्टरच्या हातातले तिकिटाचे मशीन, कुरिअरवाल्याचा फोन, अंगणवाडीताईंचा मोबाईल, पतसंस्थेच्या पिग्मी एजंटचा मोबाईल ही सगळी आता ऑफिसचीच यंत्रे आहेत. फक्त ती ऑफिसात नसतात. यावलच्या बाजारपेठेपासून सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांपर्यंत ती फिरतात, पावसात भिजतात, हरवतात आणि घरी गेल्यावर पोरांच्या हातात गेम खेळायला जातात. मग त्यांच्यातल्या माहितीला कुलूप लावायचं कोणी? आणि त्या कुलपाची किल्ली ठेवायची कोणाकडे?

या प्रश्नाचं आजचं उत्तर म्हणजे क्लाउडवरून डिव्हाइस मॅनेजमेंट. आपल्या अभ्यासक्रमात याला फारशी जागा नाही, पण नोकरीच्या पहिल्या दिवशी हा विषय थेट आपल्या फोनमध्ये शिरतो. म्हणून हा लेखप्रपंच. तांत्रिक शब्द इंग्रजीच ठेवले आहेत. अस्मादिकांचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे त्यांचे मराठी प्रतिशब्द आधी मलाच पाठ करावे लागले असते!

थोडा इतिहास

ऑफिसचा ई-मेल खिशात आणला तो ब्लॅकबेरीने. फोन कंपनीचा, सर्व्हर कंपनीच्या इमारतीत. फोन हरवला की ॲडमिन तिथूनच तो कोरा करायचा. सगळा मामला सरळ होता, कारण यंत्र कंपनीच्या मालकीचं होतं. पुढे 2007 मध्ये आयफोन आला, 2008 मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला आणि लोक स्वतःच्याच फोनवर ऑफिसचं काम करू लागले. कंपन्यांनाही ते परवडलं, फोन विकत घ्यायला नकोत. पण कुलपाचा प्रश्न अवघड झाला. फोन कर्मचाऱ्याचा, माहिती कंपनीची!

मग ऑपरेटिंग सिस्टीममध्येच सोय आली. ॲपलने 2010 मध्ये आयओएस 4 बरोबर मोबाईल डिव्हाइस मॅनेजमेंट, म्हणजे एमडीएम आणलं. मायक्रोसॉफ्टने 2011 मध्ये विंडोज इन्ट्यून ही क्लाउड सेवा सुरू केली, तीच 2014 पासून मायक्रोसॉफ्ट इन्ट्यून. अँड्रॉइड 5.0 मध्ये, 2014 साली, वर्क प्रोफाइलचा पाया घातला गेला. क्लाउडमुळे मोठा फरक पडला तो लहान संस्थांना. सर्व्हर रूम नको, एसी नको, यूपीएस नको. महिन्याला माणशी भाडं भरा आणि ब्राउझरमधून सगळी यंत्रे बघा.

हे चालतं कसं?

समजा, यावलमध्ये एक पतसंस्था आहे आणि तिचे दहा पिग्मी एजंट रोज दुकानोदुकानी फिरून स्वतःच्या मोबाईलवर भरणा नोंदवतात. त्या ॲपमध्ये शेकडो खातेदारांची नावं, फोन नंबर आणि शिल्लक आहे. आता पायऱ्या बघू.

पहिली पायरी एनरोलमेंटची. एजंट आपल्या फोनची नोंदणी करतो. सर्व्हर आणि फोन यांच्यात ओळख पटवणारी सर्टिफिकेट्स तयार होतात. इथून पुढे हा फोन म्हणजे नेमका हाच फोन, हे सर्व्हरला कळतं.

दुसरी पायरी पॉलिसीची. स्क्रीन लॉक सहा आकडी हवा, एन्क्रिप्शन चालू हवं, सिक्युरिटी अपडेट जुनं नको, बाहेरून आलेली एपीके फाईल टाकता येणार नाही, असे नियम ॲडमिन एकदाच लिहितो. शेवटचा नियम किरकोळ समजू नका. 'आरटीओ चलान'च्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके फाईलींनी आपल्या महाराष्ट्रात कित्येकांची खाती रिकामी केली आहेत.

इथे एक गमतीची गोष्ट. सर्व्हर फोनमध्ये घुसत नाही. तो गूगलच्या किंवा ॲपलच्या नोटिफिकेशन सेवेमार्फत फक्त दारावरची घंटा वाजवतो. फोन ती ऐकतो, स्वतः सर्व्हरकडे जातो आणि 'काय आज्ञा?' म्हणून विचारतो. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध आहे.

तिसरी पायरी तपासणीची. नियम पाळले की नाही ते फोन कळवतो. पाळले असतील तर तो 'कम्प्लायंट'.

चौथी पायरी म्हणजे कंडिशनल ॲक्सेस, आणि सगळ्या व्यवस्थेचा प्राण इथे आहे. एजंटने पासवर्ड बरोबर टाकला तरी दार उघडेलच असं नाही. माणूस बरोबर, पण फोन कम्प्लायंट आहे का? नसेल तर प्रवेश नाही. म्हणजे चोराला पासवर्ड कळला तरी त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवरून तो काही करू शकत नाही.

एका घरात दोन खोल्या

आता मित्रांनो, आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. फोन माझा आहे, मग माझे फोटो ऑफिस बघणार का?

अँड्रॉइडमधलं वर्क प्रोफाइल म्हणजे एकाच घरातल्या दोन खोल्या. ऑफिसच्या ॲप्सवर छोट्या ब्रीफकेसचं चित्र दिसतं. त्यांचा डेटा वेगळा साठतो. त्या खोलीतून मजकूर कॉपी करून घरच्या व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करायला ॲडमिन बंदी घालू शकतो. उलट तुमचे खासगी फोटो, मेसेज, कॉलची यादी, खासगी ॲप्स त्याला दिसत नाहीत. फोनचं मॉडेल आणि ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती दिसते. 2021 च्या अँड्रॉइड 12 पासून तर अशा खासगी फोनचा आयएमईआय नंबरही व्यवस्थापनाच्या ॲपला मिळत नाही. एजंटने नोकरी सोडली की 'सिलेक्टिव्ह वाइप' होतो, म्हणजे ऑफिसची खोली पाडली जाते आणि बहिणीच्या लग्नाचे फोटो जागेवर राहतात.

याहून हलका प्रकारही आहे. फोनची नोंदणीच करायची नाही, फक्त ऑफिसच्या ॲपला वेगळा पिन आणि वेगळे नियम लावायचे. याला ॲप मॅनेजमेंट, म्हणजे एमएएम म्हणतात.

मात्र फोन कंपनीने दिलेला असेल आणि 'फुली मॅनेज्ड' असेल, तर घर सगळंच त्यांचं. सर्व ॲप्सची यादी बघता येते, पूर्ण फोन पुसता येतो, सोय चालू केली असेल तर लोकेशनही कळतं. अशा फोनवर घरचे फोटो ठेवू नयेत, एवढं साधं आहे.

हरवलेला फोन आणि सातपुड्यातली रेंज

एजंटचा फोन भुसावळच्या स्टँडवर गेला. ॲडमिनने लगेच वाइपचं बटण दाबलं. झालं काम? नाही! फोन स्वतः सर्व्हरकडे जातो हे वर पाहिलं. चोराने सिम काढून टाकलं आणि वायफाय बंद केलं, तर घंटा ऐकूच जाणार नाही. आज्ञा सर्व्हरवर वाट बघत पडून राहील. तेव्हा खरं रक्षण करतात ते स्क्रीन लॉक आणि एन्क्रिप्शन, जे फोन हरवण्याआधीच लावलेले असतात. म्हणून आणखी एक नियम करतात. ॲपचा सर्व्हरशी ठरावीक तास संपर्क झाला नाही तर ॲप उघडायचं नाही, आणि ठरावीक दिवस झाला नाही तर त्याने आपला डेटा स्वतःच पुसून टाकायचा.

पण हाच नियम पुण्यात बसून लिहिला आणि बारा तासांवर ठेवला, तर सातपुड्यातल्या ज्या पाड्यावर रेंजच नाही, तिथे दोन दिवस मुक्कामी गेलेल्या कर्मचाऱ्याचं ॲप ऐन कामाच्या वेळी बंद पडेल. चोराला अडवणारा नियमच प्रामाणिक माणसाला अडवतो. आकडा किती ठेवायचा हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही. ते त्या रस्त्याने फिरलेल्या माणसाला विचारावं लागतं.

किल्लीच बिघडली तर?

एका बटणाने दहा हजार यंत्रे सुरक्षित होतात, तशी ती एका बटणाने बंदही पडतात. याची दोन उदाहरणे अभ्यासण्यासारखी आहेत.

27 जून 2017. युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस बाहेर पडला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये पसरला. आपल्या न्हावा-शेवा बंदरातलं तिच्या गटाचं कंटेनर टर्मिनलही ठप्प झालं. आपल्या जिल्ह्याची केळी परदेशात जाते, तिचा रस्ता बंदरातूनच असतो, तेव्हा हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही. मर्स्कला दहा दिवसांत सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे करावे लागले. मौजेची गोष्ट अशी की कोणता वापरकर्ता कोण, हे सांगणारे त्यांचे सुमारे 150 डोमेन कंट्रोलर एकमेकांशी सिंक होते, म्हणून सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगला शिव्या घालणाऱ्या आपण खान्देशवासीयांनी हे जरूर लक्षात ठेवावं. धडा मात्र गंभीर आहे. सिंक केलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. एक प्रत जोडणी तोडून बाजूला ठेवलेली हवी.

दुसरं उदाहरण 19 जुलै 2024 चं. इथे व्हायरस नव्हता, हल्लाही नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या वेळेनुसार सकाळी पावणेदहाच्या सुमारास क्लाउडवरून एक छोटी फाईल पाठवली. प्रोग्रामला 20 इनपुट मिळत होते, नवी फाईल 21 वं वाचायला गेली. सी शिकताना ॲरेच्या बाहेर वाचू नका म्हणून सर ओरडतात ना, तेच! कंपनीने 78 मिनिटांत फाईल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे 85 लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली होती. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. क्लाउडवरून सगळ्यांना एकदम दुरुस्त का नाही केलं? कारण जे यंत्र सुरूच होत नाही, ते घंटा ऐकणार कसं? कित्येक ठिकाणी माणसाला प्रत्येक संगणकापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये ती फाईल पुसावी लागली. डिस्कला बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की शोधावी लागली. ती की ज्या सर्व्हरवर ठेवली, तोच बंद पडला असेल तर आणखीच पंचाईत.

म्हणून शहाणी संस्था कुठलाही बदल आधी पाच यंत्रांवर, मग पन्नासवर, मग सगळीकडे सोडते. सगळ्या यंत्रांवर परिणाम होईल अशी आज्ञा एकट्या ॲडमिनच्या हातात ठेवत नाही, दुसऱ्याची मंजुरी लावते. ॲडमिनच्या खात्याला सर्वांत कडक लॉगिन ठेवते. आणि रिकव्हरीच्या किल्ल्या वेगळ्या जागी जपते.

यंत्र धरणारा हात

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचं आंदोलन केलं. पोषण अभियानाच्या नोंदी त्यांना त्या फोनवर करायच्या होत्या. तक्रारी काय होत्या? फोनची रॅम 2 जीबी, तो तापतो, हँग होतो, दुरुस्तीचा खर्च पदरचा करावा लागतो, आणि पोषण ट्रॅकर ॲपमध्ये इंग्रजीतून माहिती भरायला लागते. त्याच वर्षी हरियाणातल्या आशा कार्यकर्त्यांनी आपल्या फोनमध्ये 'एमडीएम 360 शील्ड' हे ॲप टाकायला विरोध केला. आपल्यावर पाळत ठेवली जाईल, ही त्यांची भीती होती.

दोन्ही ठिकाणी प्रश्न तंत्रज्ञानाचा कमी आणि विश्वासाचा जास्त होता. आपण इंजिनिअर लोक कन्सोलवर हिरवे ठिपके बघतो आणि म्हणतो, 'सगळी डिव्हाइसेस कम्प्लायंट आहेत.' पण प्रत्येक ठिपक्यामागे एक ताई असते, तिला बाळाचं वजन नोंदवायचं असतं, आणि फोन हँग झाला तर ती शेवटी वहीत लिहिते. कुलूप इतकं जड केलं की माणूस खिडकीतून जायला लागतो. पॉलिसीला कंटाळलेला कर्मचारी खातेदारांची यादी स्वतःच्या व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळा होतो, आणि मग आपल्या एन्क्रिप्शनला काही अर्थ उरत नाही. म्हणून मला वाटतं, काय बघतो आणि काय बघत नाही हे समोरच्याला त्याच्या भाषेत सांगणं हासुद्धा सिक्युरिटीचाच भाग आहे.

आपण काय करावं?

इंटर्नशिप किंवा नोकरी लागल्यावर 'हे ॲप टाका' असं सांगतील, तेव्हा न घाबरता पाच प्रश्न विचारा. एक, ही नोंदणी वर्क प्रोफाइलची, फक्त ॲपची की पूर्ण फोनची? दोन, माझ्या फोनमधलं तुम्हाला नेमकं काय दिसेल? तीन, नोकरी सोडताना काय पुसलं जाईल? चार, फोन हरवला तर किती वेळात, कोणाला कळवायचं? पाच, मला स्वतःचा फोन द्यायचा नसेल तर दुसरी सोय काय? हे विचारणं उद्धटपणा नाही. चांगल्या कंपनीकडे याची लेखी उत्तरं तयार असतात.

आणि हॉस्टेलवरच्या मंडळींनी, तसंच आपल्या ऑफिसमधल्या सर-मॅडमनी क्लाउड वगैरेची वाट न बघता आजच करण्यासारखी कामं आहेत. स्क्रीन लॉक लावा. 'फाइंड माय डिव्हाइस' किंवा 'फाइंड हब' चालू आहे का बघा. लॅबमधल्या संगणकावरून लॉगआउट करा. ज्या ई-मेलवर बँकेचे ओटीपी येतात, त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. ऑफिसमध्ये किती संगणक आणि किती मोबाईल आहेत, कोणते कोणाकडे आहेत, याची एका वहीत यादी करा. कितीही महागडी क्लाउड सेवा घेतली तरी तिची सुरुवात याच यादीपासून होते. जे यंत्र यादीत नाही, त्याला कुलूप लावता येत नाही.