कुंडीतही वाफसा पाहा : घरातल्या पाच झाडांचा खर्च किती?

पाचोड परिसरातला मोसंबी बागायतदार पाणी सोडण्याआधी मूठभर माती दाबून पाहतो. वाफसा असेल तर पाणी लांबवतो. खोडाशी ओल राहिली की डिंक्या लागतो, म्हणून दुहेरी आळं करून खोड कोरडं ठेवतो. त्याच्याच घरात खिडकीतल्या मनी प्लांटला मात्र रोज सकाळी तांब्याभर पाणी मिळतं. मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात आणि नव्या रोपासाठी पुन्हा शंभर-दीडशे रुपये जातात. हा खर्च टाळता येतो.

सुरुवातीचा खर्च (ढोबळ अंदाज)
- मनी प्लांटची फांदी, कोरफडीचं पिल्लू : शेजाऱ्यांकडून, फुकट
- स्नेक प्लांट : 150 रुपये
- स्पायडर प्लांट आणि सिंगोनियम : प्रत्येकी 80 रुपये
- 8 इंची प्लास्टिकच्या 5 कुंड्या : 300 रुपये
- गांडूळखत, 5 किलो : 150 रुपये
- कोकोपीटची छोटी वीट : 60 रुपये
- निंबोळी तेल, 100 मिली : 100 रुपये

एकूण 920 रुपये. नर्सरीप्रमाणे भाव कमी-जास्त होतील. कुंडीच्या तळाला भोक आहे ना, हे विकत घेतानाच पाहा.

माती
नुसती काळी माती भरू नका. ती ओली असताना फुगून पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. दोन भाग पोयटा, एक भाग गांडूळखत, एक भाग भिजवलेलं कोकोपीट हे मिश्रण चांगलं. पाच कुंड्यांना साधारण 3 किलो खत लागतं.

पाणी
बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर तळातून निथळेपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका. मनी प्लांटला उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी पाणी लागतं. स्नेक प्लांटला उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी दिलं तरी पुरतं आणि थंडीत तीन आठवडेही चालतं. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी आणि आरओचं सांडपाणी घालू नका, त्यात क्षार जास्त असतात. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला तर क्षार साचलेत असं समजा. पावसाचं पाणी भरून ठेवता आलं तर सर्वांत उत्तम.

उजेड
पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं कोवळं ऊन बहुतेक झाडांना मानवतं. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या खिडकीत पानं करपतात. तिथं पडदा लावा किंवा कुंडी दोन हात आत घ्या. कोरफडीला भरपूर उजेडाची जागा द्या. स्नेक प्लांट कमी उजेडात तग धरतो, पण वाढ मंदावते. तुळस मात्र अंगणातच ठेवा, तिला ऊन हवं.

खत आणि कीड
दर दोन महिन्यांनी प्रत्येक कुंडीला 50 ग्रॅम गांडूळखत पुरे. पाच कुंड्यांना वर्षाला जास्तीत जास्त दीड किलो लागतं, म्हणजे पिशवीत उरलेल्या 2 किलोंत वर्ष निघतं. शेतासाठी आणलेलं 19:19:19 घरात असेल, तर लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम, महिन्यातून एकदा. जास्त घातलं तर पानांच्या कडा जळतात. कडक उन्हाळ्यात आणि थंडीत खत थांबवा. पिठ्या ढेकूण दिसला तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थेंब घालून संध्याकाळी फवारा.

इथं पैसे घालू नका
‘हवा शुद्ध करणारं झाड’ म्हणून जादा भाव सांगितला तर देऊ नका. नासाची 1989 सालची चाचणी बंद पेटीत झाली होती. 2019च्या एका आढाव्यानुसार घरात बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्या हवेनं जेवढी हवा शुद्ध होते, तेवढा परिणाम झाडांनी मिळवायला दर चौरस मीटरला किमान 10 झाडं लागतील. पान चमकवणारा स्प्रेही नको, ओल्या फडक्यानं धूळ पुसली की काम होतं. लहान मुलं असतील तर मनी प्लांट उंचावर टांगा, पान चावलं तर तोंडाची आग होते.

सुरुवात जूनमध्ये करा. हवेत दमटपणा असतो, फांद्या लवकर मुळं धरतात. आधी फुकटची फांदी लावा आणि बोटाला वाफसा कळू लागला की मगच 150 रुपयांचं रोप आणा.